यमुना बोलली तो शनिवार

बायकांना पुढारीपण शिकवता येतं का, असं मला हल्ली पुष्कळ जण विचारतात. येतं. पोहणं शिकवता येतं, पेटी वाजवणं शिकवता येतं, तसंच हेही. रत्नागिरीच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरीची सगळी वर्षं मी तेच केलं. शिकलेल्या पुढारीपणाचं बायका पुढे काय करतात, हे मात्र कुणी विचारत नाही. या अंकाच्या संपादकांनीही ते विचारलेलं नाही. त्यांना विद्यार्थिनींना स्फूर्ती देणारं काहीतरी हवं आहे. माझ्याकडे जे आहे ते मी देते. स्फूर्ती त्यात सापडली तर सापडली.

कॉलेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी पुस्तकं आणि टेनिसच्या बॅटी येतात. आमचं तसं नव्हतं. प्राथमिक शाळेच्या मास्तरणी घडवायची ती जागा होती. मराठी सातवी झालेली बाई आमच्याकडे यायची, दोन वर्षं राहायची आणि सर्टिफिकेट घेऊन कुठल्यातरी गावच्या मुलींच्या शाळेवर जायची. हौसेनं आलेली एखादीच. बाकीच्या विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, किंवा मुंबईला गेलेला नवरा परत फिरकला नाही अशा. घरात जिच्या ताटाची अडचण व्हायला लागली, तिला आमच्याकडे पाठवत. कुणी राजापूरहून बैलगाडीनं यायची, कुणी मालवणहून आगबोटीनं. मांडवी बंदरात पडावातून उतरताना निम्मी साडी भिजलेली, काखेत वळकटी आणि मान खाली.

मीही तशीच आले होते, फक्त पुण्याहून शिकून आले होते. हेडमास्तर पुरुष होते. मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका, आणि शहरातल्याच झाडगावातल्या वसतिगृहाची सुपरिंटेंडेंट. सगळ्या मला नुसतं 'बाई' म्हणत. मराठीत मास्तरणीला वेगळं नाव लागत नाही, हे एक बरं आहे.

पहिला धडा आवाजाचा. सहाव्या वर्षापासून जिला 'हळू बोल' असं बजावलं गेलंय, तिचा आवाज चाळीस पोरींच्या वर्गाला कसा ऐकू जाणार? मी त्यांना संध्याकाळी मांडवीच्या वाळूवर नेत असे. एकीनं होड्यांपाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी लांब. तिनं आपलं नाव आणि गाव सांगायचं. ऐकू आलं नाही तर आम्ही हात वर करायचो. समुद्र शब्द गिळून टाकायचा. काही जणी रडायच्या. आपलं स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

एकदा जाळ्याशी बसलेली एक खारवीण हसून म्हणाली, "काय वो बाय, ह्यांना मासळी इकायला शिकवताव काय?"

"तसंच समज," मी म्हटलं.

"मंग हाताची घडी सोडायला सांगा. घडी घालून कोन इकत घ्येल?"

ते मी लगेच धड्यात घेतलं.

दुसरा धडा सभेचा. दर शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या ओटीवर विद्यार्थिनींची सभा भरत असे. अध्यक्ष दर खेपेला नवी. सेक्रेटरी वर्षाची, निवडून दिलेली. मी मागे भिंतीला टेकून बसायची आणि तोंड उघडायचं नाही, कारण नियम असा की बाईंना मत नाही. मत द्यायला तांब्या फिरायचा. होकाराची गुंज, नकाराचा चिंचोका. पहिले विषय साधे होते. सकाळी पेज असावी की आंबोळी, दिवा किती वाजता मालवावा. पण त्याच विषयांवर त्या बोलायला शिकल्या. मी शिकवलेली रीत अशी: आधी समोरचीचं म्हणणं सांगा, आणि प्रामाणिकपणे सांगा. मग आपलं सांगा. शेवटी लोकांना उद्या करता येईल अशी एक गोष्ट सांगा. आणि बोलताना शेवटच्या रांगेकडे बघा. पुढची रांग आपोआप ऐकते.

हे सगळं घरच्यांना मानवत होतं असं नाही. राजापूरकडच्या एका मुलीचा नवरा मुंबईत कारकून होता. शिमग्याच्या रजेवर आला आणि तिला चार दिवस घरी घेऊन गेला. पाचव्या दिवशी तणतणत माझ्यापुढे उभा.

"बाई, हिला काय करून ठेवलंत तुम्ही? मी घरात बोलतोय तर ही म्हणते, अध्यक्षांची परवानगी असेल तर मला दोन शब्द बोलायचे आहेत!"

"थट्टा केली असेल तिनं."

"माझी थट्टा करायची हिंमत तिला कुठून आली? मला मास्तरीण हवी होती, वकीलीण नको होती."

मला हसू आवरेना. ती मुलगीही पदराआड हसत होती. पण तो ट्रंक उचलून तिला घेऊन गेला तो गेलाच. त्यानंतर कुणी ही हकिकत गंमत म्हणून सांगायला लागलं की मी तिथून उठते.

आता यमुनेबद्दल.

यमुना देवरूखच्या पलीकडच्या एका खेड्यातली ब्राह्मणाघरची बालविधवा. केस काढलेले, अंगावर लाल आलवण. दिरांनी तिला पाठवलं ते तिला शिकवायचं म्हणून नव्हे, तर घरात नवी सून येणार होती आणि हिचं तोंड सकाळी दिसायला नको म्हणून. मांडवीच्या वाळूवर पहिल्या दिवशी तिच्या ओठांतून नावच फुटेना. मी हात वर करून थकले. आणि तीच यमुना वर्षाच्या आत सेक्रेटरी झाली, तीही एकही चिंचोका न पडता. तिनं ब्राह्मण आणि इतर अशा दोन चुलींच्या बायकांना एका खोलीत जेवायला बसवलं, पंक्ती दोन असल्या तरी. ते तोवर मला जमलं नव्हतं.

त्या चैत्रात आमची विहीर आटली. शेजारी एका वकिलांची जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली भरपूर पाण्याची विहीर होती. पण त्यांच्या आईनं साफ नाही म्हटलं. रोज सकाळी बोडक्या बायकांची रांग दारात नको, अपशकुन होतो. वसतिगृह चालवणाऱ्या कमिटीचे दोन सभासद जाऊन पान खाऊन हात हलवत परत आले. मग यमुना म्हणाली, "मी जाऊ का?"

मी तिच्याबरोबर गेले, पण बोलले नाही.

"आजी, तुमची नात आमच्या सरावशाळेत येते ना?" यमुनेनं विचारलं.

"येते. मग?"

"तिला अक्षर कोण गिरवायला लावतं, माहीत आहे का? मी. तिचा हात माझ्या हातात असतो. काल तिनं तुम्हाला श्लोक म्हणून दाखवला, तो माझ्या तोंडून शिकलेला. माझं तोंड तुमच्या घरात रोज येतंच आहे, आजी. आता कळशी तेवढी येऊ द्या."

म्हातारीला हसू फुटलं. मग म्हणाली, "मेली भारी आहे गो! या, पण मागच्या वाटेनं या."

वार्षिक समारंभात कमिटीचे चिटणीस रावसाहेब यांनी यमुनेला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. "या आमच्या उद्याच्या पुढारी!" असं ते म्हणाले. मला वाटलं, माझी नोकरी सार्थकी लागली.

पुढच्या जूनमध्ये भागीरथी आली.

पावसामुळे आगबोटी बंद होत्या. दापोलीहून बापलेक मिळेल त्या गाडीनं आणि उरलेलं चालत आले. बाप म्हातारा, पलटणीतून पेन्शन घेतलेला महार हवालदार, अंगात जुना खाकी कोट. पायरीच्या खाली पावसातच उभा राहिला आणि त्यानं मला सलाम ठोकला.

"बाईसाहेब, पोरगी सातवी पास. सरकारची स्कॉलरशिप आहे. आता तुमच्या हवाली."

"वर या, भिजताय."

"मी ठीक आहे. तिला वर घ्या."

मुलगी विशीतली, काळीसावळी, मान ताठ. मांडवीच्या वाळूवर तिला नेलं तेव्हा पहिल्याच हाकेला तिचं नाव होड्यांपासून पार आमच्यापर्यंत ऐकू आलं. मी म्हटलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "आमच्याकडे लांबूनच बोलावं लागतं, बाई."

वर्गात तिला नाकारता येत नव्हतं, तसा सरकारी हुकूमच होता. तिला दाराजवळची जागा दिली. प्रश्न वसतिगृहाचा होता. मी रावसाहेबांकडे गेले. ते स्वतःला सुधारक म्हणवत, आणि व्यासपीठावर ते होतेही.

"माझी काडीचीही हरकत नाही, बाई," ते म्हणाले. "पण मुलींना स्वराज्य तुम्हीच दिलंत ना? मग त्यांच्या चुलीचा निर्णय त्यांना करू द्या. आपण वरून लादलं तर ते पुढारीपण कसलं?"

त्यांच्या पोटातलं मला कळत होतं. तरी मला राग आला नाही, कारण माझ्याकडे यमुना होती. जिचं तोंड अपशकुनी ठरवलं गेलं, जिनं त्या म्हातारीला हरवलं, ती भागीरथीसाठी बोलणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. मी तिला आधी काही सांगितलंही नाही. सभेत बाईंना मत नाही, हा नियम मी पाळला.

त्या शनिवारी ओटी भरली होती. अध्यक्षाच्या जागी एक लाजरी मुलगी बसली होती. भागीरथी उंबऱ्याबाहेर पडवीत. पाऊस कौलांवर असा कोसळत होता की साधा आवाज ऐकू आला नसता. यमुना उठली.

"भागीरथी आपल्यासारखीच शिकायला आली आहे," तिनं सुरुवात केली. "ती हुशार आहे, स्वच्छ आहे, तिचा काहीएक दोष नाही. देवाच्या दारी ती आणि मी एकच, असं बाई म्हणतात, आणि ते खरं आहे. ज्या कुणाला हे खरं वाटत नसेल तिनं आज मत देऊ नये."

मी मागे बसून मान डोलावत होते. किती नीट मांडते आहे, असं मनात आलं.

"पण आपण देवाच्या दारी नाही. आपण झाडगावात आहोत. इथली प्रत्येक जण कुणाच्यातरी परवानगीनं आली आहे. मी तिच्या पंक्तीला बसले हे उद्या माझ्या दिरांना कळलं, तर ते मला परत घरात घेणार नाहीत. नको घेऊ देत. पण सर्टिफिकेट मिळाल्यावर कुठल्या गावची शाळा मला ठेवील? पोरी काढून घेतील. शाळा बंद पडेल. एकीला आत घेण्यासाठी आपण सगळ्या पुन्हा बाहेर जाऊ. मला दया येते, पण दया करायची ती ज्यानं त्यानं आपल्या भाकरीवर करावी. दुसरीच्या भाकरीवर करू नये. म्हणून ज्यांना पटलं त्यांनी चिंचोका टाकावा, आणि आपण कमिटीला लिहून भागीरथीची सोय वेगळीकडे करायला सांगू या."

ती शेवटच्या भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे बघून बोलत होती. पावसातही तिचा शब्द न् शब्द पोचला. इतकं चांगलं भाषण त्या ओटीवर आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

पडवीत भागीरथी उभी राहिली. "अध्यक्षबाई, मला बोलायचंय."

अध्यक्षबाईंनी गोंधळून यमुनेकडे पाहिलं.

"माझी हरकत आहे," यमुना शांतपणे म्हणाली. "सभेत सभासदानं बोलायचं. भागीरथी अजून वसतिगृहाची सभासद नाही."

नियम तसाच होता. मी उठले. "ही सभा माझ्या वसतिगृहात भरली आहे. मी सांगते, तिला बोलू द्या."

"बाई, तुम्हाला सभेत मत नाही. तुम्हीच ठरवलंय," यमुना म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. कुणीतरी घाबरून फिसकन हसलं.

"राहू दे, बाई," भागीरथी म्हणाली आणि खाली बसली.

तांब्या फिरला. चिंचोकेच चिंचोके, वर दोनचार गुंजा. त्या कुणाच्या ते मला कधीच कळलं नाही. त्यांना उठून बोलायला मात्र मी शिकवलं होतं, आणि त्या उठल्या नव्हत्या.

मी भागीरथीला माझ्या खोलीत घेतलं. मागच्या पडवीची ती खोली सुपरिंटेंडेंटची म्हणून मला मिळालेली, तिथं कुणाचं मत चालत नव्हतं. माझी चूल वेगळी होतीच. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीणकाकू आपलं बोचकं बांधून निघून गेल्या. मला वाटलं, आता रडारड होईल आणि सगळ्या माझ्याकडे येतील. कुणी आली नाही. यमुनेनं स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या. भांडी, पाणी, दिवे, सगळ्यांच्या पाळ्या. वसतिगृह इतकं शिस्तीत कधी चाललं नव्हतं. माझ्याशी सगळ्या अदबीनं वागत, पण पाठापुरतं बोलत. आरडाओरडा नाही, वाद नाही. इतका एकोपा मी त्यांना कधी शिकवू शकले नव्हते. तो यमुनेनं चार दिवसांत करून दाखवला, माझ्याविरुद्ध.

मग मुलींना परत न्यायच्या धमक्या देत भाऊ, दीर, काका येऊ लागले. भर पावसात देवरूखहून, राजापूरहून. रावसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"विद्यार्थिनींचा विश्वास तुम्ही गमावलात, बाई. मला फार वाईट वाटतं."

"विश्वास गमावला, की त्या घाबरल्या?"

"शब्दांत पडू नका. वसतिगृह दुसऱ्या बाईंकडे देऊ. तुम्ही वर्ग सांभाळा."

त्यांचा निर्णय घेऊन मी खोलीवर आले तर भागीरथी आपली वळकटी बांधत होती. तिला काही सांगावंच लागलं नाही.

"तू का जातेस? मी लढेन."

"बाई, इथं मी तुमची पाहुणी. पाहुणी म्हणून कुणीही ठेवील. मला जागा हवी होती."

ती शहराच्या कडेला महारवाड्यात तिच्या आत्याकडे राहायला गेली आणि तिथून रोज वर्गाला येऊ लागली. पावसाळा संपेपर्यंत तिची साडी कधी कोरडी पाहिली नाही. दोन्ही वर्षं तिनं पुरी केली. कशी केली, तेही सांगते, म्हणजे बाहेरच्यांना आमचा धंदा कळेल.

आमच्याकडे शिकणारीला सरावशाळेतल्या मुलींसमोर पाठ द्यावे लागतात. मागे बाकीच्या विद्यार्थिनी बसतात आणि तिच्या चुका टिपून घेतात. परीक्षक त्यावर गुण देतात. भागीरथीच्या पाठाचा तास आला की पालक आपापल्या मुली घरी न्यायचे. पुढचे बाक रिकामे. मागे चुका टिपणाऱ्या बसलेल्या, कारण त्यांना हजेरी सक्तीची. आणि भागीरथी रिकाम्या बाकांना विचारायची, "मुलींनो, नदी कुठून येते?" थोडं थांबायची, जणू कुणीतरी हात वर केलाय, आणि म्हणायची, "बरोबर. डोंगरातून."

पहिल्या वेळी मी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले. हेडमास्तरांनी मला परत बोलावलं. शिक्षिकेनं विद्यार्थिनीच्या पाठात भाग घ्यायचा नसतो.

ती उत्तीर्ण झाली. परीक्षकांनी शेरा लिहिला होता: 'विषयाची तयारी चांगली. वर्गाशी संपर्क कमी.'

यमुना पहिली आली. ती संगमेश्वराकडे एका शाळेवर गेली, तिथून रत्नागिरीत मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस होऊन आली आणि पुढे आमच्याच कमिटीवर बसली. ती काम उत्तम करी, यात वादच नाही. कितीतरी विधवांना तिनं घरातून ओढून शाळेत आणलं. दिरांपुढे, सासऱ्यांपुढे उभी राहिली. ती अन्यायाला घाबरते असं कुणी म्हणू शकलं नसतं. भागीरथीला दापोलीजवळ वेगळी शाळा मिळाली. वेगळी म्हणजे काय, ते या जिल्ह्यात सांगावं लागत नाही.

मी निवृत्त झाले त्याच सुमाराला प्रांतात नवं सरकार आलं आणि वसतिगृहाला अनुदान हवं असेल तर सर्व जातींच्या मुली आत घ्या, असं स्पष्ट बजावण्यात आलं. आता कुणी तांब्या फिरवला नाही. रावसाहेब थकले होते, तरी त्यांनी मोठा समारंभ ठरवला. अध्यक्ष यमुनाबाई. त्यातच माझा सत्कार.

मी भागीरथीला आणायचं ठरवलं. आगबोटीनं हर्णैला उतरले आणि दापोली गाठली. तिची शाळा एका आमराईच्या कडेला होती, कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन. मुलं ओरडून पाढे म्हणत होती. भागीरथीच्या केसांत पांढरं दिसत होतं. मला पाहून तिनं मुलांना सुट्टी दिली आणि घोंगडी पसरली.

"समारंभाला चल," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर बोल. आता कुणी अडवणार नाही."

"काय बोलू?"

"त्या शनिवारी जे बोलणार होतीस ते."

ती हसली. "ते सांगू तुम्हाला? मी म्हणणार होते, मला पंक्तीला घेऊ नका. मी पडवीच्या कोपऱ्यात माझी चूल मांडीन, माझं ताट मी आणलंय. फक्त पावसात छपराखाली राहू द्या."

मी घोंगडीवर तिच्या जवळ सरकले.

"ऐकून घेतलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं, बाई. आणि मी तिथंच कोपऱ्यात बसले असते. उपकार मानत. यमुनाबाईंनी अडवलं ते बरं झालं. त्या दिवसानंतर मी कुणाकडे कोपरा मागितला नाही."

"मग हेच येऊन सांग."

"कुणाला? माझ्या मुलांची परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात. मी नाही येत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही या पुन्हा. सत्काराचं काम नसताना या."

समारंभ झाला. यमुनाबाई आता केस राखत, पांढरं पातळ नेसत. त्या समतेवर बोलल्या. आधी जुन्या लोकांचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं, मग आपलं, आणि शेवटी लोकांना उद्या करता येईल अशी एक गोष्ट सांगितली. मी उठले तेव्हा सत्काराबद्दल आभार न मानता भागीरथीची सगळी हकिकत सांगितली. तिचं नाव घेऊन, रिकाम्या बाकांसकट. फक्त यमुनेचं नाव घेतलं नाही. मग लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. जो तो म्हणत होता, बघा, तेव्हा केवढं वाईट होतं आणि आता आपण किती पुढे आलो! गावच्या साप्ताहिकात छापून आलं की निवृत्त सुपरिंटेंडेंट बाईंनी वसतिगृहाच्या जुन्या मनोरंजक आठवणी सांगितल्या.

लोक पांगू लागले तेव्हा यमुना माझ्याजवळ आली. वाकून नमस्कार केला.

"माझं नाव नाही घेतलंत, बाई. का?"

"तूच सांग."

"घेतलं असतंत तरी चाललं असतं. मी विसरले नाही." ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "पण खरं सांगा. त्या दिवशी मी उलट बोलले असते तर आज इथं असते का? इतक्या जणींना बाहेर काढलं, ते काढू शकले असते का? पुढारी म्हणजे ज्याच्या मागे माणसं येतात, हे तुम्हीच शिकवलंत. भागीरथीसाठी मी एकटी उभी राहिले असते तर माझ्यामागे कोण आलं असतं?"

"मी आले असते," मी म्हटलं.

"तुम्ही भागीरथीच्या बाजूनं आलातच की, बाई. मग काय झालं?"

तिच्या आवाजात दुखवायचा हेतू नव्हता. खांद्यावरून घसरलेली माझी शाल तिनं नीट केली, आणि पाहुण्यांना निरोप द्यायला दारापाशी गेली.